फ्रान्समध्ये पॅरिसबाहेर काय आणि कुठे खावं?

मीठभाकर
ऑक्टोबरात आम्ही दोघं फ्रान्सला चाललोय. पॅरिस मागच्या खेपेला झालं, टॉवरसमोरचे फोटोही काढून झाले. या वेळी नुसतं खायला जायचं, निदान माझ्या डोक्यात तरी तेच आहे. ज्या गावाचा जो पदार्थ, तो त्याच गावात बसून खायचा. यादी करायला बसले तर ती संपेना: ल्योंची कनेल, मार्सेयची बुइयाबेस, ब्रिटनीचे गालेत, आल्सासचा तार्त फ्लांबे, तुलूझकडचं कासूले, बास्क मिरची. सगळा नकाशा खुणांनी भरला.

अडचणी दोन. वेळ दीडेक आठवड्याचाच आहे. आणि नवरा शाकाहारी आहे. अंडं आणि चीज चालतं, मासा अजिबात नाही. गाडी चालवायची तयारी नाही, रेल्वेनेच फिरू.

तर धावतपळत चार-पाच प्रांत उरकावेत की एकदोनच धरून बसावं? आणि नवऱ्याला रोज सॅलडवर ठेवायचं नसेल तर कुठले?

पॅरिसवासी
मत मागितलंय म्हणून देतो, शिव्या नंतर द्या. हे सगळं पॅरिसमध्ये मिळतं. ब्रिटनीच्या गाड्या मोंपार्नास स्टेशनात येतात, तिथे उतरलेल्या ब्रिटनीकरांनी त्याच भागात बस्तान मांडलं, म्हणून त्या स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत आजही ओळीने क्रेपरी (क्रेप-गालेतच्या खाणावळी) आहेत. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यमधून कोळसा विकायला आलेल्या लोकांनी पॅरिसचे कितीतरी कॅफे काढले. आल्सासचे लोक आले, बिअर आणि शूक्रूत (आंबवलेला कोबी) घेऊन आले. चांगल्या चीजवाल्याकडे तर सगळा देश एका काचेच्या कपाटात मांडलेला असतो. बॅगा ओढत हिंडायचं कशाला?

रस्सा
म्हणजे दादरला कोकणी, वऱ्हाडी, खानदेशी सगळं मिळतं म्हणून मालवण बघायचंच नाही का? शिव्या देत नाही, पण मान्यही नाही.

खाडीकाठ
रस्सा +१. कांकाल नावाचं गाव आहे ब्रिटनीत, सां-मालोहून बस जाते. बंदराच्या टोकाला कालवंवाल्यांच्या टपऱ्या आहेत. डझनाच्या हिशोबाने कालवं घ्यायची, तो तिथल्या तिथे उघडून प्लास्टिकच्या ताटलीत मांडतो, बाजूला अर्धं लिंबू. टपरीवर बसायला काही नाही. समोरच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून खायचं आणि शिंपल्या खाली किनाऱ्यावर फेकायच्या. सगळेच फेकतात, खाली पांढरा खच पडलेला असतो. ओहोटीला कालवांच्या शेतातले ट्रॅक्टर चिखलात चाललेले दिसतात. हवा स्वच्छ असेल तर लांब मों-सां-मिशेल हा बेटावरचा मठही दिसतो. हे पॅरिसच्या कुठल्या काचेच्या कपाटात मिळतं?

नुसता_वाचक
वाचतोय. खुर्ची टाकून.

तुलूझकर_अण्णा
मी तुलूझला राहतो, तेव्हा आमच्या प्रांताची बाजू मांडणं भाग आहे. कासूले हा पदार्थ पाहुण्यांना वाटतो तितका सोपा नाही. पांढऱ्या घेवड्याचे दाणे रात्रभर भिजत घालायचे, मग डुकराची कातडी, सॉसेज आणि बदकाचं कोंफी (चरबीत मंद शिजवलेलं मांस) यांच्याबरोबर मातीच्या उतरत्या कडांच्या भांड्यात तासन् तास भट्टीत ठेवायचं. त्या भांड्याचं नाव कासोल, त्यावरूनच कासूले. वर पापुद्रा धरतो, तो मोडून आत दाबायचा, परत धरू द्यायचा. सात वेळा मोडावा असं जुनी मंडळी सांगतात. मोजताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

भांडण तीन गावांचं. कास्तेलनोदारीवाले म्हणतात खरं आमचंच, त्यात डुक्कर जास्त. कार्कासोनमध्ये मेंढीचं मांस घालायची रीत, हंगामात तितरही. तुलूझमध्ये आमचं सॉसेज घातल्याशिवाय नाव घेत नाहीत. तिन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत, मनात आणलं तर एका दिवसात तिन्ही स्टेशनांवर उतरता येईल. पोट मात्र एकाच स्टेशनावर उतरवावं लागेल. आणि दुपारीच खा. रात्री कासूले खाऊन झोपणाऱ्याला झोप लागत नाही.

मीठभाकरताई, नवऱ्यासाठी मात्र आमच्याकडे येऊ नका. इथे बदकाच्या चरबीत बटाटे तळतात आणि त्याला भाजी म्हणतात.

निरामिषा
अखेर माझा विषय आला. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मांस सोडलं नाही आणि मी धरलं नाही, तेव्हा अशा सहलींचा अनुभव दांडगा आहे.

पहिलं म्हणजे तिथे नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. मांस नको म्हटलं की मासा आणतात, मासा नको म्हटलं की बेकनचे बारीक तुकडे पेरलेलं सॅलड. त्या तुकड्यांना लार्दों म्हणतात, आणि ते मिठासारखे कुठेही पडतात. सरळ सांगायचं: "झ न मांज नी व्हियांद, नी प्वासाँ", म्हणजे मी मांस खात नाही आणि मासाही नाही. वर "साँ लार्दों" (लार्दोंशिवाय) जोडायचं. सूप कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारायचं. उत्तरेत, बेल्जियमच्या बाजूला, बटाट्याचे फ्रीत बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारायचं.

आता प्रांत. नीस शाकाहाऱ्याला सगळ्यात सोपं. सोका (चण्याच्या पिठाचं), रातातुई (वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी), पिस्तू (तुळस-लसणीचं वाटण) घातलेलं भाज्यांचं सूप, भाज्या भरून भाजलेले टोमॅटो (त्यात मांस असू शकतं, विचारा). दुसरं ब्रिटनी. गालेत कुट्टूच्या पिठाचा, त्यात पीठ, पाणी, मीठ. "कोंप्लेत" मध्ये हॅम, चीज, अंडं असतं, हॅम काढून मश्रूम घालायला सांगितलं की कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. तिसरं ओव्हेर्न्य आणि ओब्राक, तिथला आलिगो, म्हणजे चीज घालून घोटलेला बटाटा. पण रेल्वेने ओब्राकला पोचणं म्हणजे शिक्षा.

आणि एक कटू गोष्ट. कोंते, रोकफोर, रब्लोशों, खरं नॉर्मंडीचं कामाम्बेर, ही नावाजलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. तुमच्या घरी हे चालतं की नाही ते ठरवून ठेवा.

मीठभाकर
निरामिषा, साष्टांग नमस्कार. नवरा मागे उभा राहून वाचत होता. रेनेटच्या परिच्छेदाला पोचला आणि म्हणाला, "हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?" सध्या तो अंतर्मुख आहे.

अवखळ
रोकफोर म्हणजे ते निळं, कुजकं? त्यासाठी अंतर्मुख व्हायची गरज नाही, वासानेच सुटका होते.

शेवगा
अवखळ, रोकफोरला कुजकं म्हणायचं नाही. १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायालयाने हुकूम काढला होता की त्या गावातल्या गुहांत मुरलेल्या चीजलाच ते नाव लावायचं. १९२५ मध्ये नावाला सरकारी संरक्षणही मिळालं. मेंढीचं दूध, डोंगर ढासळून तयार झालेल्या गुहा आणि खडकांच्या फटींतून येणारी गार दमट हवा. नाशपती आणि अक्रोडाबरोबर खाऊन बघा, मग बोलू.

गंगावेस
बास्क मिरचीचा उल्लेख आलाय म्हणून कोल्हापूरकर म्हणून लिहितो. एस्पेलेत गावात गेलो होतो. घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा, दृश्य बघून ऊर भरून आला. दुकानात चाखायला पूड दिली. मी दोन चमचे पावावर घेतली, दुकानदारीण बघतच राहिली. तिखट म्हणाल तर आमच्याकडे बाळाच्या भातात चालेल एवढं. पण वास सुरेख, किंचित गोडसर, धुरकट. २००० सालापासून या मिरचीला वाइनसारखंच नावाचं संरक्षण आहे, दहा गावांच्या बाहेर पिकवलेल्या मिरचीला ते नाव लावता येत नाही. जत्रा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असते, मीठभाकरताईंच्या तारखा जुळत असतील तर बघा. बायोनपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस.

वाफाळता_चहा
ल्योंला कुणीच हात घातला नाही? खाण्याची राजधानी म्हणवणारं शहर ते! बुशों नावाच्या छोट्या खाणावळी, चौकडीचे टेबलक्लॉथ, जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत वाइन, शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात. कनेल म्हणजे पाइक माशाचा गर आणि पीठ-अंड्याचा लांबट गोळा, वर झिंग्यांचा सॉस. भट्टीतून फुगलेली येते आणि बघता बघता बसते, म्हणून आली की फोटो न काढता खायची.

हे सगळं ल्योंच्या "मेर" (म्हणजे आई) मंडळींचं देणं. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका तिथून बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यातल्या युजेनी ब्राझिए यांच्या दोन रेस्तराँना १९३३ मध्ये मिशलँचे तीन-तीन तारे मिळाले. सहा तारे, एका शेतकऱ्याच्या पोरीला. पॉल बोक्यूझ त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेले.

रस्सा
आणि आंदुइएत? ती लपवलीत ना हळूच?

वाफाळता_चहा
लपवली नाही, नवऱ्याचा विचार केला.

रस्सा
मग मी सांगतो. डुकराच्या आतड्यात आतडंच भरून केलेलं सॉसेज. ताटात येण्याआधी दारातून वास येतो. एवढं असूनही तिची चाहत्यांची संघटना आहे, जी चाखून चांगल्या आंदुइएतला "एएएएए" असा पाच ए चा शेरा देते. मेन्यूत पाच ए दिसले की समजायचं, वास अस्सल आहे. वजडी आवडीने खाणाऱ्या आमच्या घराण्यातही मी एकट्यानेच ती संपवली.

सासवडची_सून
माझं आवडतं आठवलं म्हणून लिहिते, सोका. नीसच्या जुन्या गावात लाकडाच्या भट्टीपाशी रांग असते. ही मोठी तांब्याची परात, त्यात चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच पातळ ओततात. वरून करपट डाग, आत मऊ. बाई खरवडणीने ओबडधोबड तुकडे ओढून कागदावर टाकते, वर मिरपूड, हाताने खायचं. पहिला घास घेतला आणि आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर बेसनाचं धिरडं!" रांगेतल्या फ्रेंच माणसांना वाटलं काहीतरी बिनसलं. गरम असेस्तोवरच खा, गार झालं की चामडं.

शेवगा
आलंच धिरडं. युरोपात काहीही खा, तिसऱ्या प्रतिसादात आपलं थालीपीठ-धिरडं हजर.

सासवडची_सून
शेवगा, तक्रार सासूबाईंकडे पाठवते. पत्ता देऊ?

अवांतरकर
अवांतर: फ्रान्स म्हणजे युरोपातलाच तुकडा नव्हे. हिंदी महासागरातलं रेयुनियाँ बेटही फ्रान्सच, युरो चालतो. तिथे रोजच्या ताटात भात, घेवडा किंवा मसूर, एक कारी (रस्सा) आणि शेजारी झणझणीत रुगाय (चटणी). टपरीवर सामुसा आणि तळलेले तिखट वडे. एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आहेत, बकऱ्याच्या रश्श्याला "मसाले" असंच म्हणतात. फ्रेंच प्रादेशिक खाणं हवं आणि भातही हवा, तर याहून सोयीचं नाही.

मीठभाकर
अवांतरकर, तिकिटाचे पैसे कोण देतंय?

तुलूझकर_अण्णा
मूळ प्रश्नाकडे येतो. पदार्थांपेक्षा वेळापत्रकाने जास्त लोक उपाशी राहतात. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद, मग पुढे संध्याकाळी सात-साडेसातशिवाय नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी निम्मं गाव बंद. त्यामुळे मोठं जेवण दुपारी करा, ते स्वस्तही पडतं. दाराबाहेर पाटीवर खडूने लिहिलेली "फॉर्म्यूल" बघा: सुरुवात आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य आणि गोड. तोच स्वयंपाकी, तीच भांडी, रात्री दर दीडपट. पाव फुकट. "कराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी जगमधून फुकट. टिप ऐच्छिक, बिलात सेवा धरलेली असते. आत शिरताना "बोंजूर" मात्र म्हणायचंच, त्याशिवाय तुम्ही तिथे नसताच.

मेन्यू आठ भाषांत, पदार्थांचे रंगीत फोटो आणि दारात बोलावणारा माणूस, यातली दोन लक्षणं दिसली तरी पुढे चला. छपराखाली पातेलं असं चिन्ह दिसलं तर पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून केलाय, ही "फे मेझों" खूण २०१४ पासून आहे.

खाडीकाठ
पाण्याचं अगदी खरं. भूमध्य समुद्राच्या काठी एका ठिकाणी आम्ही फक्त "वॉटर" म्हटलं. बाटली आली, मग दुसरी आली, बिलात पाणी वाइनच्या बरोबरीने.

रस्सा
आणि बुइयाबेसचं बिल? मूळ काय, तर कोळ्यांनी न विकलेल्या काटेरी माशांचा रस्सा. आज मार्सेयला माणशी साठ-सत्तर युरोंच्या पुढे, बऱ्याच ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं आणि किमान दोन माणसं हवीत. माझ्या मते फुगवलेला प्रकार.

गंगावेस
रस्सा, इथे तुमच्याशी भांडणार. १९८० मध्ये मार्सेयच्या काही रेस्तराँवाल्यांनी सनदच केली, कारण पर्यटकांना कसलाही मासा घालून देत होते. ठरलेल्या यादीतले किमान चार मासे हवेत, मासे गिऱ्हाइकासमोर कापून द्यायचे, रस्सा वेगळा. रासकास हा खडकातला काटेरी मासा त्यात मुख्य. आधी केशराचा वास असलेला रस्सा, त्यात भाजलेला पाव, पावावर लसणीचं लाल रुइय. मग मासे. रस्सा मागाल तितका वाढतात. दीड-दोन तासांचं जेवण आहे ते, माशाच्या बाजारभावाने हिशोब लावला तर भरतं. तुम्ही स्वतःचं नाव रस्सा ठेवता आणि हे बोलता?

रस्सा
नावाचा मुद्दा बिनतोड.

निरामिषा
दोन माणसांची अट लक्षात घ्या. एक शाकाहारी असेल तर बुइयाबेस बाद. हे त्यांनी पाटीवर लिहायला हवं.

शेवगा
"प्रादेशिक" म्हणजे "पुरातन" असं धरून चालू नका. आल्प्समधल्या साव्वा प्रांतात लाकडी खाणावळीत शेकोटीशेजारी तार्तिफ्लेत (बटाटा आणि चीज भाजून केलेला पदार्थ) खाताना वाटतं की गुराखी शेकडो वर्षं हेच खात असतील. तो पदार्थ १९८० च्या दशकात रब्लोशों चीजच्या उत्पादकांनी खप वाढवायला पुढे आणला. त्याच्या मुळाशी "पेला" नावाचा जुना बटाट्याचा पदार्थ होता म्हणा. चव यत्किंचितही कमी होत नाही, पण गाइडच्या कहाण्यांना मान डोलावताना जपून.

अवखळ
डिजॉन मस्टर्डचंही तसंच ना?

शेवगा
हो, "डिजॉन" हे नाव पद्धतीचं, गावाचं नाही. कुठेही करता येते. मोहरी बरीचशी कॅनडाहून येते. २०२१ मध्ये तिकडे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्समधल्या दुकानांत मस्टर्डची फळी रिकामी. डिजॉन ज्या प्रांतात आहे त्या बुर्गोन्यचीच मोहरी आणि तिथलीच पांढरी वाइन हवी असेल तर बाटलीवर "मुतार्द द बुर्गोन्य" बघा, त्याला २००९ पासून संरक्षण आहे.

वाफाळता_चहा
गोडाचं कुणी बोललं नाही. ब्रिटनीला गेलात तर दुआर्नेनेचं क्विन-अमान. रूढ प्रमाण असं: ४० टक्के पावाची मळलेली कणीक, ३० टक्के लोणी, ३० टक्के साखर. खाली साखर वितळून काचेसारखी होते. लोणी खारं, कारण जुन्या राजवटीत मिठावरचा जाचक कर ब्रिटनीला जवळजवळ नव्हता, मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात सढळ हाताने. आणि नॉर्मंडीत गेलात तर तेरगूल, तांदूळ-दूध-साखर-दालचिनी मातीच्या भांड्यात मंद भट्टीत पाचेक तास. वर तपकिरी जाड साय धरते, तिच्यासाठी घरात भांडणं होतात. पूर्ण शाकाहारी.

मीठभाकर
मंडळी, ठरत आलंय. चार-पाच प्रांतांचा नाद सोडला. पहिला मुक्काम ब्रिटनीतलं रेन, तिथून सां-मालो आणि कांकाल. मी पायऱ्यांवर कालवं खाईन, नवरा शेजारी बसून समुद्र बघेल, मग क्रेपरीत दोघांचंही भागेल. शनिवार रेनला पडेल असं बघतेय, कारण तिथला प्लास दे लिसचा बाजार शनिवारचा. मग तेजेवेने (वेगवान रेल्वे) पॅरिसमार्गे नीस, सोका आणि रातातुईसाठी. ल्यों गाळलं.

वाफाळता_चहा
गाळलं? गाडी ल्यों भागातूनच जाते, तीन तास उतरलात तरी जेवण होतं! क्रीममध्ये कालवलेलं ताजं चीज, लसूण, हिरवा मसाला असं सेर्वेल द कान्यू मिळतं, नवऱ्याला चालेल. आणि लाल प्रालिनचा (साखरेत घोळवलेले बदाम) तार्त.

निरामिषा
तीन तासांत ल्यों म्हणजे परत धावाधाव. नका उतरू. आणि रेनच्या बाजारात गालेत-सोसिसच्या (गालेतात गुंडाळलेलं सॉसेज) गाडीपाशी "साँ सोसिस", सॉसेजशिवाय, म्हणाल तर माणूस दुखावतो, मी अनुभव घेतलाय. पण देतो, अर्ध्या किमतीत.

नुसता_वाचक
इतका वेळ गप्प होतो, एक कामाचं विचारतो. चीज आणि मस्टर्ड परत कसं आणायचं? हातातल्या बॅगेतून?

खाडीकाठ
मस्टर्ड आणि मऊ चीज दोन्ही सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर तिथल्या पेटीत जातं. मोठ्या बॅगेत टाका. चीजवाल्याला "सू-व्हीद" म्हणा, तो हवा काढून पिशवी सीलबंद करून देतो. कोंतेसारखं कडक चीज घ्या.

रस्सा
आणि आंदुइएत आणायची असेल तर आधी सहप्रवाशांची लेखी परवानगी घ्या.